यादीतून वगळलेली अमोनियाची तपासणी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात, अमोनिया ओळखण्याच्या द्रावणाची एक बाटली होती. तपकिरी काचेची, बुचाभोवती पांढरी खपली धरलेली. ती कोणत्या साली आली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी नोकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती. साठा नोंदवहीत मात्र तिची नोंद ठसठशीत होती: 'शिल्लक एक.' या दोन शब्दांचा राग मला इतक्या वर्षांनीही येतो.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी नवीन जालन्यातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवत होतो. मूळचा मी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ज्या संस्थेची ही शाळा, तिच्याच वसतिगृहात राहून मी बी.एस्सी. झालो. फी संस्थेने माफ केली, बी.एड.ला शिफारस संस्थेने दिली आणि नोकरीही संस्थेनेच दिली. वडील प्रत्येक भेटीत एकच सांगायचे, "खाल्ल्या घराचे वासे मोजू नको." मी मोजले नाहीत. पुढे मी जिथे जिथे गप्प बसलो, त्याचं कारण यातच आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

संस्थेचे अध्यक्ष मुंबईला गेले होते. तिथे त्यांनी कोणाच्या तरी बंगल्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांची मोठी काचपेटी पाहिली. परत आल्यावर शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले, "आपल्या पोरांनी समुद्र पाह्यला न्हाई. समुद्राला इकडं येता येत न्हाई का? आणू आपण." मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी स्वतः समुद्र पाहिला तो बी.एड.च्या सहलीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्यामुळे या कामाची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मला ओझं वाटलं नाही, आनंदच झाला.

जालन्यात तेव्हा नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि आम्ही समुद्र ठेवायला निघालो होतो. लोकांनी चेष्टा केली. पण अवघड भाग पाणी मिळवण्याचा नव्हता, ते ओळखण्याचा होता. मी स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत तीन संध्याकाळी बसलो आणि हळूहळू वाचत, शब्दकोश बघत, वहीत टिपणं काढली. नवख्या माणसाने खाऱ्या पाण्याची पेटी मांडली की सगळ्यात आधी काय मारतं, तर अमोनिया. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. तो खाऊन पचवणारे सूक्ष्म जिवाणू असतात, पण ते दगडांवर आणि वाळूत बस्तान बसवायला चार-सहा आठवडे घेतात. तोपर्यंत पेटीत मासे सोडायचे नाहीत. आणि जिवाणू आले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते तपासणीनेच कळतं. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरताना नायट्राईट वाढतं, मग तेही उतरून नायट्रेट दिसू लागतं. या तीन पायऱ्या दिसल्या म्हणजे पाणी पिकलं. समुद्राच्या पाण्यात अमोनिया जास्त जहाल ठरतो, कारण ते पाणी अल्कलीकडे झुकलेलं असतं. हे सगळं मला अगदी आमच्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासारखं सरळ वाटलं. मी यादी केली: खारटपणा मोजायचा काचेचा तरंगक, सामू म्हणजे पीएच, क्षारता, अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट. प्रत्येकापुढे 'खाऱ्या पाण्यासाठीच' असं लिहून खाली रेघ मारली.

ती यादी घेऊन मी हेडसरांच्या खोलीत गेलो. हेडसर इतिहासाचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा होता.

"हे काय, सहा-सहा तपासण्या? मासे ठेवायचेत का दवाखाना काढायचाय?"

"सर, या नसल्या तर आंधळेपणाने मासे सोडल्यासारखं होईल."

त्यांनी साठा नोंदवही मागवली. रसायनांच्या पानावर बोट फिरवत गेले आणि थांबले. "हे बघा. अमोनिया ओळखण्याचं द्रावण. शिल्लक एक. हे आहे की आपल्याकडं."

"सर, ते फार जुनं आहे. आणि नवीन असतं तरी चाललं नसतं. त्यात खारं पाणी टाकलं की गढूळ साका धरतो, रंग वाचताच येत नाही."

"न्हाई चालत म्हणजे? अनुदानातून घेतलेलं हाय ना?"

"घेतलंय सर, पण गोड्या पाण्यासाठी."

"अहो, वस्तू शिल्लक असताना दुसरी घेतली तर ऑडिटवाला मला विचारील, तुम्हाला न्हाई. ती संपवा, मंग घेऊ."

आणि त्यांनी लाल पेनने माझ्या यादीतली चौथी ओळ खोडली. सहा तपासण्यांत जी एक जीव वाचवणारी, नेमकी तीच. मग यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "करा सही." मी केली.

बाहेर व्हरांड्यात मावशी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मावशी म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईबाई. जुन्या जालन्यातून रोज चालत यायच्या. बारा वर्षं रोजंदारीवर होत्या. घंटा, झाडलोट, पाणी, चहा, मुलींची दुखणी-खुपणी, सगळं त्यांच्याकडे. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेकडे गेला होता आणि महिनाअखेरच्या बैठकीत त्याचा निकाल लागायचा होता. मला म्हणाल्या, "सर, ती बाटली झाडता झाडता खाली पडली तर?"

"मावशी, तुमची फाईल वर गेलीय. आता महिनाभर काही म्हणता काही पाडू नका."

"मी कशाला पाडू? मांजर हाय की शाळंत."

आम्ही दोघं हसलो. मला वाटतं, तेव्हाच मी मांजराला मदत करायला हवी होती.

खरेदीला हेडसर आणि मी बसने औरंगाबादला गेलो. दुकानदार मोठा बोलका. समोरच्या काचपेट्यांमध्ये रंगीत मासे फिरत होते आणि हेडसरांची नजर तिथेच खिळली होती. मी यादी दिली तशी दुकानदाराने ती न वाचताच एक चकचकीत डबा काढून काउंटरवर ठेवला.

"ये लो सर. कागदी पट्टी. एका पट्टीत पाच तपासण्या. बुडवा, काढा, रंग बघा. बच्चे भी कर सकते."

मी डबा फिरवून पाहिला. "यात अमोनिया कुठं आहे?"

"नायट्राईट है ना सर. वो उसीका भाई है."

"आणि हा सामूचा रंगतक्ता सात पूर्णांक सहावर संपतोय. समुद्राचं पाणी आठच्या वर असतं. हे गोड्या पाण्याचं दिसतंय."

"अरे सर, पानी तो पानी होता है."

हेडसर मध्येच म्हणाले, "सर, तुमचा स्वभाव लईच शंकेखोर. माणूस धंदा करून राह्यला, त्याला म्हाइत नसंल का?"

त्याच दुकानात, दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर, मला हवी ती वस्तू होती. दोन लहान बाटल्या, एक परीक्षानळी, पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत रंगांचं कार्ड, आणि खोक्यावर इंग्रजीत स्पष्ट छापलेलं: गोड्या व खाऱ्या, दोन्ही पाण्यांसाठी. मी ती मागून घेतली, हातात धरली, वाचली. माझ्या खिशातून घेता आली असती. पण हेडसरांनी खोडलेली वस्तू त्यांच्यादेखत विकत घेणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना चूक ठरवणं, असं मला वाटलं. मी खोकं परत दिलं. आम्ही तरंगक, पट्ट्यांचा डबा आणि समुद्री मिठाचे पुडे घेऊन परत आलो. बसमध्ये हेडसर समाधानाने झोपले.

पेटी शाळेच्या दर्शनी दालनात बसली. दुकानदाराचा माणूस आला, वाळू पसरली, दगड रचले. पाणी मावशींनी वाहिलं. मागच्या सिमेंटच्या हौदातून वीस बादल्या, एक-एक करून. दर दहा बादल्यांना मिठाचा एक पुडा, असं त्या माणसाने सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं. तरंगकावर खारटपणा बरोबर आला. मी सगळ्यांना सांगितलं, आता महिनाभर पेटी रिकामी राहील, थोडं थोडं खाद्य टाकून पाणी पिकवायचं आहे. पोरं हिरमुसली, पण समजली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हंजी जसं दह्याला विरजण, तसं?" मी म्हणालो, अगदी तसं.

मोठ्यांना मात्र ते समजलं नाही. आठव्या दिवशी अध्यक्षांकडे कोणी पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते पेटीचं उद्घाटन ठरलं. मी हेडसरांकडे धावलो.

"सर, आत्ता मासे सोडले तर मरतील."

"तुमची पट्टी काय म्हणती?"

"पट्टीवर नायट्राईट शून्य, नायट्रेट शून्य."

"मंग? शून्यच पाह्यजे ना?"

आता त्या माणसाला मी कसं सांगू? ते शून्य शुद्ध पाण्याचं नव्हतं. ते शून्य म्हणजे पेटीत अजून काही सुरूच झालेलं नव्हतं. कोऱ्या उत्तरपत्रिकेत लाल खूण नसते म्हणून काय पोरगं पहिलं आलं? मी हे बोललोही. हेडसर म्हणाले, "तुम्ही उगी कीस पाडता." मी अध्यक्षांकडे जाण्याचा विचार केला. त्यांच्या फाटकापर्यंत गेलोही. मग फी माफीचा अर्ज हातात घेऊन त्याच फाटकाशी उभा असलेला सतरा वर्षांचा मी मला आठवलो आणि परत फिरलो. कृतज्ञता चांगली गोष्ट आहे. पण माणूस तिच्यामागे लपायला लागला की तीच भित्रेपणाचं नाव होते, हे मला तेव्हा कळत होतं आणि तरीही मी परत फिरलो.

बुधवारी पाच मासे आले. दोन नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे, ज्यांना दुकानदार जोकर म्हणायचा, आणि तीन निळे. पोरांनी काचेला नाकं लावली. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. खाद्य टाकण्याचा मान प्रत्येकाला हवा होता आणि कोणी नाही म्हणालं नाही. माझ्याशिवाय. माझं कोणी ऐकलं नाही.

शुक्रवारी एक जोकर मेला. शनिवारी दुसरा. दोन्ही दिवशी मी पट्टी बुडवली आणि दोन्ही दिवशी पट्टीने सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. सामूचा चौकोन तक्त्यातल्या शेवटच्या रंगाशी जाऊन थांबला होता. त्याच्यापुढे तक्ता नव्हताच. शनिवारी दुपारी मी हेडसरांना म्हणालो, अर्धं पाणी बदलू. ते म्हणाले, "सोमवारी बघू. प्रवासानं मेले असतील." मी अंबडची बस पकडली, कारण गावी वडिलांना ताप होता.

रविवारी शाळा बंद. मावशी फक्त पेटीतले दिवे लावायला आणि खाद्य टाकायला आल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"एक निळा आडवा पडल्ता. दोघं वर येऊन आ वासून राह्यले होते. काचंचं झाकण काढलं तर पाण्याला वास. शिळ्या पाण्याचा नसतो का, तसा. म्हणलं, हे पाणी उतरलं. कोणाला विचारू? हेडसरांच्या घराला कुलूप. तुम्ही गावाकडं. मंग मी काय केलं, दहा बादल्या काढल्या अन् दहा बादल्या टाकल्या. दहा बादल्यांना एक पुडा, मोजल्याला हाय मी."

"नळाचं पाणी टाकलं का मावशी?" मी घाबरून विचारलं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतुनाशकाचा उग्र दर्प असायचा. त्याने उरलेले मासे तासाभरात गेले असते.

"येडी हाय का मी? नळाचं औषध उडाल्याशिवाय आम्ही माठात सुदिक भरत न्हाई. हौदातलं टाकलं, चार रोजाचं. पुडा इरघळून, मीठ जिभंवर लावून बघून टाकलं."

दोन निळे मासे जिवंत राहिले होते.

सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा हेडसर दालनात उभे होते आणि मावशी त्यांच्यासमोर. हेडसरांनी विचारलं होतं, पाण्याची रेघ खाली-वर कशी झाली, आणि मावशींनी सरळ सांगून टाकलं होतं की मी बदललं. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांच्या मनातही नव्हतं. हेडसरांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांना कारण सापडलं होतं. खोलीत नेऊन त्यांनी मला टाईप केलेला कागद दाखवला. 'शिपाईबाईंनी परस्पर पाणी बदलल्यामुळे मासे दगावले.' खाली माझं पद छापलेलं, सहीसाठी जागा सोडलेली. विज्ञान शिक्षकाचा अभिप्राय म्हणून तो कागद त्याच आठवड्याच्या बैठकीत जाणार होता. ज्या बैठकीत मावशींची फाईल होती, त्याच.

"सर, दोन मासे शुक्रवारी-शनिवारीच मेले. पाणी तर रविवारी बदललं."

"ते प्रवासानं मेले. हा तिसरा धरायचा."

"धरायचा?"

"अहो, अध्यक्ष विचारतील. मी काय सांगू? तुम्ही विज्ञानवाले असून पाच मासे जगवता आले न्हाईत, असं सांगू?"

मी म्हणालो, "उद्यापर्यंत वेळ द्या." ते म्हणाले, "उद्या दुपारी कागद पाह्यजे." म्हणजे बारा वर्षं या शाळेच्या पायऱ्या झाडलेल्या बाईचं काय करायचं हे एका दिवसात ठरणार होतं आणि ते माझ्या सहीने ठरणार होतं.

मी बाहेर आलो. मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना कागदाचं कळलं होतं. शाळेत भिंतींना कान असतात आणि ते सगळे मावशींकडे चहा प्यायला येतात.

"सर, खरंच माझ्यानं मेला का ओ तो?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

"नाही मावशी. पण मला ते सिद्ध करावं लागेल. जुनं पाणी असतं तर दाखवता आलं असतं. ते तर तुम्ही ओतून दिलं."

मावशींनी पोतेरं बादलीत टाकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना शिवी दिली.

"ओतून? पाणी? आठ रोजाला नळ येतो अन् मी दहा बादल्या पाणी ओतून देऊ? शाळंत शिकून तुम्ही असं बोलता?"

जिन्याखालच्या निळ्या पिंपाचं झाकण त्यांनी काढलं. पेटीतून काढलेलं सगळं पाणी त्यात होतं, दोन बादल्या तेवढ्या कमी. मिठाच्या पाण्याने फरशी पुसली तर मुंग्या होत नाहीत आणि शाळेला नजर लागत नाही, म्हणून त्यांनी ते साठवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून त्या त्यानेच पुसत होत्या. जालन्यातलं कोणतंही घर घ्या, भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं, कपडे खळबळलेलं मोरीला जातं. पाणी ओतून देणं ही इथे कोणाच्या हाताला माहीतच नसलेली गोष्ट आहे. मी पदवी घेतली आणि हेच विसरलो होतो.

त्या दुपारी मी अर्धी रजा टाकली, औरंगाबादची बस धरली आणि त्याच दुकानातून त्या दोन बाटल्यांचं खोकं घेतलं. दुकानदार म्हणाला, "देखो, मैं उस दिनही बोला था ये अच्छा है." मी पैसे मोजले. वाद घातला असता तर बस चुकली असती.

मंगळवारी शाळा भरायच्या आधी आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत पिंपातलं पाणी, दुसरीत पेटीतलं. पहिल्या बाटलीचे थेंब, दुसऱ्या बाटलीचे थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मावशी नळीकडे एकटक बघत होत्या. पेटीतल्या पाण्याची नळी कार्डावरच्या मधल्या चौकोनांइतकी हिरवी झाली. अजून अमोनिया होता, पण निम्म्यावर आलेला, मासा तग धरील इतका. पिंपातल्या पाण्याची नळी आधी हिरवी, मग कडुलिंबाच्या जून पानासारखी गडद आणि मग त्याहून काळपट झाली. कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाशी ती येऊन थांबली.

"काय म्हणतंय?" मावशींनी विचारलं.

"हे म्हणतंय, तुम्ही पाणी बदललं नसतं तर पाचही मेले असते."

"एवढ्याशा नळीला कळलं?" त्या म्हणाल्या. "मला तर वासानंच कळल्तं."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले. मी पहिल्यांदाच त्यांना असं पाहिलं. मला हेडसरांचा, दुकानदाराचा, त्या लाल पेनाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा संताप आला. यादीतली चौथी ओळ राहू दिली असती तर या बाईला रात्रभर जागून, आपण मुक्या जिवाला मारलं का, हा विचार करावा लागला नसता.

दोन्ही नळ्या आणि कार्ड घेऊन मी हेडसरांकडे गेलो. त्यांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या. "रंग तर दोन्हींचा हिरवाच हाय."

मी कार्ड लावून दाखवलं. समजावलं. त्यांना समजलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. समजल्यावर माणूस आधी दरवाजाकडे बघतो, तसं त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी चूक माझ्यावर येती."

"खरेदीच्या यादीवर सही माझीही आहे सर. दोघांवर येते."

"तुम्हाला संस्थेनं शिकवलं, सर. एवढं तरी ध्यानात ठेवा."

मी त्यांचा टाईप केलेला कागद त्यांच्या टेबलावर सही न करताच ठेवला आणि म्हणालो, मी माझा अहवाल हाताने लिहून देतो. वर्गात जाऊन तासाभरात दोन पानं लिहिली. मासे अमोनियाने मेले. अमोनियाची तपासणी यादीतून वगळली गेली. घेतलेल्या पट्ट्या खाऱ्या पाण्याच्या नव्हत्या. पाणी पिकण्याआधीच मासे सोडले गेले. शिपाईबाईंनी पाणी बदलल्यामुळे उरलेले दोन वाचले. सगळं लिहिलं. आणि मग, हेडसरांनाही वाचताना फार टोचू नये, अहवाल एकतर्फी दिसू नये, म्हणून शेवटी एक वाक्य घातलं: 'तथापि, सदर पाणी बदलताना त्यांनी वरिष्ठांची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती.' मला ते वाक्य समतोल वाटलं. त्याखाली मी सही केली.

बैठक झाली. मावशी कायम झाल्या. जून महिन्यात आदेश आला, पेढे वाटले गेले आणि हेडसरांनीही दोन खाल्ले. पेटी तोवर अध्यक्षांच्या घरी गेली होती. पोरांनी थोडे दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

जुलैत एका दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. हातात त्यांचं नवं सेवापुस्तक होतं, सही करायला त्यांना दिलेलं. म्हणाल्या, "सर, एवढं वाचून दाखवा. मला दिसतंय, पण बराबर समजत न्हाई."

पहिल्याच पानावर, कायम झाल्याच्या नोंदीखाली लिहिलं होतं: 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय शालेय मालमत्तेत फेरबदल केल्याबद्दल ताकीद देण्यात येत आहे. (संदर्भ: विज्ञान शिक्षकांचा अहवाल.)'

मी वाचून दाखवलं.

"विज्ञान शिक्षक म्हंजी तुम्ही?"

"हो."

"परवानगी कोणाला मागायची होती सर? मासे मरून राह्यले होते."

मी म्हणालो की मी ते वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते म्हाइत हाय. म्हणूनच इचारायला आले. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर आले नसते." पुस्तक काखेत धरून त्या घंटा द्यायला गेल्या. तास संपला होता.

त्याच दिवशी मी ताकीद रद्द करण्याचा अर्ज दिला. हेडसर म्हणाले, "कशी रद्द करू? अहवाल तुमचाच हाय." त्या वर्षी मी तीन अर्ज दिले, पुढच्या वर्षी दोन. सगळ्यांवर आवक क्रमांक पडला. एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर हेडसर बदलले. नवीन हेडसर म्हणाले, जुन्या नोंदीत हात घालता येत नाही.

मावशी अजून माझ्याशी बोलतात, चहा आणून देतात, वडिलांची चौकशी करतात. पण त्या दिवसानंतर, मी काही लिहीत बसलेला दिसलो की त्या कप टेबलावर ठेवतात आणि न बोलता निघून जातात.